हेल्मेट काढल्यावरचं पहिलं वाक्य

८ जानेवारी

भाऊजी,

या पाकिटात कंपनीसाठी चार कार्डं आहेत आणि तुमच्यासाठी हे पत्र. दोन्ही वेगळी काढा. मागच्या खेपेला माझं पत्र कार्डांबरोबर साहेबांच्या फायलीत गेलं आणि तुमच्या दादांच्या घोरण्याची खबर सगळ्या कारखान्याला लागली.

तुम्ही घडवलेली तुमची लाडकी मोटरसायकल आमच्या शोरूमच्या काचेशी उभी केली आहे. लोक थांबतात, बघतात, फोटो काढतात. मग आत येतात आणि शेजारच्या त्या उंच, धिप्पाड गाडीवर चढून बसतात. काहींचे तर पायसुद्धा जमिनीला टेकत नाहीत. नाकापेक्षा मोती जड, पण मोती मिरवायचा असतो ना! तुमची दीडशे किलोची, चारशे सीसीची, पुढे वाकून बसायची गाडी त्या सांडापुढे वासरासारखी दिसते. मला आवडते, पण मी काय, मी तुमची वहिनी.

कार्डं तुमच्या नियमाप्रमाणेच भरली आहेत. नाव लिहायचं नाही. उंची लिहायची, काट्यावर उभं करून वजन लिहायचं, आणि चक्कर मारून आल्यावर हेल्मेट काढून माणूस जे पहिलं वाक्य बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं. उतरवलं. पहिला म्हणाला, ‘फोन कुठे लावायचा?’ दुसरा म्हणाला, ‘अजून थोडे घातले की मोठी येते.’ तिसरा म्हणाला, ‘आवाज एवढाच?’ चौथे एक वयस्क गृहस्थ होते. गुरुवारी दुपारी, शोरूम रिकामं असताना आले. उंची पाच फूट सहा, वजन एकसष्ट. हेल्मेट काढून बराच वेळ गाडीकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘वळते बुवा.’

विकली एकही गेली नाही. पण गिऱ्हाईक आणि मरण कधी येईल सांगता येत नाही, असं बाबाच म्हणतात. बाबा बरे आहेत. तुमच्याबद्दल विचारत नाहीत, हे नेहमीचंच.

तुमची वहिनी

१७ जानेवारी

वहिनी,

कार्डं मिळाली. यावेळी तुझं पत्र आधी काढून खिशात घातलं.

नियमांना नावं ठेवू नकोस. पूर्वी आम्ही नावं लिहायला सांगायचो, तर विक्रेत्यांनी आपले साडू आणि मेव्हणे भरून पाठवले. एकाच शोरूममधून चौदा मेव्हणे आले! तेव्हापासून नाव बंद. वजन लागतं, कारण गाडीची मागची स्प्रिंग माणसाच्या वजनाप्रमाणे आवळावी किंवा सैल करावी लागते. दादाला सांग, प्रत्येक वेळी पान्यानं सेटिंग बदलल्याशिवाय कोणाला सोडू नकोस. आणि पहिलं वाक्य अशासाठी, की दुसऱ्या वाक्यापासून माणूस शिष्टाचाराला लागतो.

तुला एक सांगतो, दादाला सांगू नकोस. एकोणीस मार्चला बैठक आहे. हलक्या स्पोर्ट्स गाडीला आता गिऱ्हाईक उरलंय की नाही, एवढा एकच प्रश्न त्या दिवशी आहे. साहेबांचं मत पडलंय की नाही उरलं. पोरांना स्कूटर चालते, हौशी माणसाला हत्ती लागतो, मधली गाडी कोणालाच नको. बंद करायचं ठरलं तर माझी नऊ वर्षं गुंडाळली जातील आणि मला त्या हत्तीच्या हँडलपुढचा स्क्रीनचा पडदा कोणत्या रंगाचा असावा या कामावर बसवतील. नऊ वर्षं, वहिनी. आणि त्या नऊ वर्षांतला तो एक दिवस.

तू कधी बोलत नाहीस त्या दिवसाबद्दल, म्हणून मीच लिहितो. आई गेली तेव्हा मी चाचणीच्या ट्रॅकवर होतो. फोन आत नेता येत नाही, कपाटात ठेवावा लागतो. संध्याकाळी कपाट उघडलं तेव्हा एकतीस फोन येऊन गेले होते. सकाळी घरी पोचलो तर बाबा दारात उभे. म्हणाले, ‘गाडी नीट चालली ना? मग झालं.’ त्यानंतर चार वर्षं ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. मीही बोललो नाही. मला वाटलं होतं, गाडी नाव काढेल तेव्हा तोंड वर करून जाईन.

त्या ‘वळते बुवा’खाली मी लाल रेघ मारली आहे. असे गृहस्थ आणखी मिळाले तर बघ.

तुझा दीर

९ फेब्रुवारी

भाऊजी,

पंधरा कार्डं पाठवते आहे. तुम्ही तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकता आणि इथे मी प्रत्येकाला ‘जरा काट्यावर या’ म्हणते. परवा एक जाडजूड वकील रागावून निघून गेले. म्हणाले, ‘गाडी घ्यायला आलोय की गहू विकायला?’

सगळ्यांची वाक्यं वाचाल तेव्हा वाचाल, मी मला कळलं ते सांगते. जे बसतात ते हसत परत येतात. अगदी दात दिसेपर्यंत हसतात. मग हेल्मेट काढतात आणि शहाण्यासारखं बोलायला लागतात. एक मास्तर म्हणाले, ‘मी वीस वर्षांचा असतो तर!’ एक पोरगा वीसचाच होता, तो म्हणाला, ‘घरचे म्हणतील सामान कुठे ठेवणार?’ म्हणजे वीसच्याला सामान हवं आहे आणि पन्नाशीच्याला वीस वर्षं. तुमची गाडी या दोघांच्या मधे उभी आहे बिचारी.

गुरुवारच्या दुपारची कार्डं वेगळी लावली आहेत, तुम्हाला तशी आवडली म्हणून. साठ किलो, अठ्ठावन्न, सत्तावन्न, छप्पन्न. ‘मनगटं भरून येतात, हँडल दोन बोटं वर हवं.’ ‘पुलाजवळच्या वळणावर मी काही केलंच नाही, तीच वळली.’ ‘माझी जुनी गाडी माझ्याशी भांडायची, ही भांडत नाही.’ आणि शेवटचं, ‘ज्यानं केली त्याला घाई नव्हती.’ हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता.

घरी ठीक आहे. बाबांचं जेवण कमी झालंय. वर्कशॉपमध्ये जातात, पण हातात पाना कमी आणि खुर्चीत जास्त असतात. वय झालं आता. तुम्ही एकदा येऊन जा ना. काही कारण हवं असेल तर सांगा, मी शोधून ठेवते.

वहिनी

१५ फेब्रुवारी

वहिनी,

तू देव आहेस. नाही, देव कार्डं इतकी नीट भरत नाही.

ऐक आता. बाकी सगळ्या शोरूमची कार्डं मी पसरून बसलोय. तिथे वीस-पंचविशीची, सत्तर-ऐंशी किलोची पोरं आहेत आणि वाक्यं सगळी फोनची आणि आवाजाची. फक्त तुझ्याकडे ही वेगळी मंडळी येतायत. साठीच्या आतबाहेरची असावीत, अंगानं हलकी, गाडी चालवण्यात मुरलेली. साठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न, छप्पन्न! आणि त्यांना वळण कळतं. अगं, हेच तर आमचं गिऱ्हाईक! जड गाडी ज्यांच्यानं आता रेटवत नाही, पण ज्यांचं मन अजून वाकून बसतं. आम्ही विशीच्या पोरांमागे धावत होतो आणि गिऱ्हाईक दुपारच्या उन्हात गुपचूप येऊन जात होतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

दादाला सांग, डेमोच्या गाडीचं हँडल चकत्या घालून दोन बोटं वर घे. चकत्या सोबत पाठवतोय, मी स्वतः तासल्या आहेत. येणाऱ्या प्रत्येक हलक्या गृहस्थाला ती दे आणि काय म्हणतात ते लिही. बैठकीत तेच माझं हत्यार आहे.

तू या म्हणतेस, मी येणारच आहे. पण एकोणीसपर्यंत मला श्वास घ्यायला सवड नाही. एकवीसला रविवार आहे, त्या दिवशी दारात हजर. गाडी वाचली तर बाबांच्या समोर उभा राहीन. काय म्हणायचं ते पाठ करून ठेवलंय. बाबा अजून तसेच आहेत का गं, म्हणजे रागात? त्यांना म्हणू नकोस मी विचारलं म्हणून.

तुझा दीर

५ मार्च

भाऊजी,

तुमच्या दादांनी चकत्या घातल्या. तासल्या आहेत छान, असं ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कार समजा.

गुरुवारची चार कार्डं आहेत. चोपन्न, त्रेपन्न, एक्कावन्न आणि कालचं पन्नास. ‘हँडल आता बरोबर.’ ‘ऐकलं म्हणायचं कोणीतरी.’ ‘स्प्रिंग अजून सैल करा, खड्डा लागतो.’ कालचं वाक्य लांब आहे. ‘हिच्यावर बसलं की दुखायचं थांबतं, उतरलं की पुन्हा सुरू.’

भाऊजी, ती बैठक दुसऱ्या कोणावर सोपवून येता नाही का येणार? किंवा एका दिवसासाठी तरी? मी उगाच म्हणते असं समजू नका. मला जे लिहायचं आहे ते मी लिहीत नाहीये. कोणाला तरी शब्द दिला आहे म्हणून लिहीत नाहीये. तुम्ही एवढं वाचूनच या.

वहिनी

१० मार्च

वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि हसलो. दादानं शोरूम विकायचं काढलंय, हो ना? आणि माझं लक्ष विचलित होऊ नये म्हणून तुझ्याकडून शब्द घेतलाय. तो माणूस असाच आहे, तोंडाला कुलूप. त्याला सांग, एकोणीसपर्यंत कोणालाही काही विकू नकोस. गाडी वाचली तर शोरूमही वाचेल.

नवी कार्डं म्हणजे दुधात साखर! एक्कावन्न, पन्नास! आमच्या हलक्या गाडीवर दिवसेंदिवस हलकी माणसं येतायत. मी त्याचा तक्ता काढलाय, रेघ सरळ खाली येते. साहेबांसमोर ती रेघ भिंतीवर लावणार आहे. फक्त दहा दिवस थांब.

तुझा दीर

१९ मार्च, दुपारी, कँटीनमधून

वहिनी! वहिनी! वहिनी!

झालं! पाचशे गाड्या मंजूर झाल्या. हँडल दोन बोटं वर, स्प्रिंग मऊ, बैठक थोडी खाली. साहेब म्हणाले, ‘चौतीस कार्डांत नऊ एकाच जातकुळीची, याला बाजार म्हणतात.’ तुझी नऊ कार्डं भिंतीवर लावली होती. ‘ज्यानं केली त्याला घाई नव्हती’ हे वाक्य साहेबांनी मोठ्यानं वाचलं. मला रडू आलं. खोकल्याचं निमित्त केलं.

फोन बाहेर टोपलीत जमा आहेत. सह्या व्हायच्यात, पाच वाजतील. तोवर राहवत नाही म्हणून हे लिहून कॉरिडॉरमधल्या पेटीत टाकतोय. रविवारी येतो. ते गृहस्थ गुरुवारी येतात ना, मग मी गुरुवारपर्यंत मुक्काम ठोकणार. त्यातल्या एकाचे तरी मला पाय धरायचे आहेत. आणि बाबांचे.

तुझा दीर

६ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही जाऊन नऊ दिवस झाले. तुम्ही इथे होतात तेव्हा हे तोंडावर सांगायचं धाडस मला झालं नाही. तुम्ही बाबांच्या खुर्चीत बसून एकच म्हणत होतात, ‘पुन्हा तेच झालं, वहिनी, पुन्हा तेच झालं.’ त्यात मी आणखी काय घालू? तुमचं एकोणीस तारखेचं पत्र बावीसला पोचलं, तुम्ही वरच्या खोलीत पडून होतात तेव्हा. ते मी वाचलं आणि डब्यात ठेवलं. तुम्ही विचारलंत, ते गृहस्थ आता का येत नाहीत. मी म्हटलं, उन्हाळा वाढला.

ते गृहस्थ बाबा होते.

सगळे नऊ. एकसष्टपासून पन्नासपर्यंत सगळं वजन बाबांचं होतं.

पहिल्या गुरुवारी जेवण झाल्यावर ते शोरूममध्ये आले आणि म्हणाले, ‘त्याची गाडी ती हीच का?’ मी म्हटलं, हीच. ‘हिच्यापायी आला नव्हता ना तो? बघू तरी काय आहे.’ मी म्हटलं, बाबा, नियम आहे, काट्यावर या. मुकाट्यानं आले. मला तेव्हा त्यांच्या दुखण्याचं माहीत नव्हतं. काट्यानंच सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात अठ्ठावन्न दिसलं तेव्हा मी तुमच्या दादांना हाक मारली. डॉक्टरांनी तपासलं आणि पोटात काय आहे ते सांगितलं, आणि किती दिवस तेही. त्यानंतरही ते दर गुरुवारी गाडीवर बसले. तुमचे दादा स्कूटरवरून मागे मागे जायचे, डोळ्यांत तेल घालून.

मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, भाऊजींना कळवते तुम्ही चालवलीत. तर म्हणाले, ‘नाव नसतं ना कार्डावर? मग नाही कळवायचं. कळलं तर तो माझ्यासाठी गाडी बदलेल. गाडी गिऱ्हाइकासाठी बदलायची असते.’ दुखणं कळल्यावर मी पुन्हा म्हटलं, आता तरी बोलावते. त्यावर काय म्हणाले ते ऐका. म्हणाले, ‘मागे बोलावलं तेव्हा नाही आला. आता बोलावलं आणि पुन्हा नाही आला, तर मी काय करू?’ भाऊजी, चार वर्षं आपण ज्याला राग समजत होतो ती भीती होती. मी त्यांना शब्द दिला. चूक केली. बैठकीचं मीच त्यांना सांगितलं होतं. अठराला संध्याकाळी मी फोन हातात घेतला, तर म्हणाले, ‘उद्या त्याची बैठक आहे ना? परवा कर.’ मी परवावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता दादांनी तुम्हाला फोन लावला, तेव्हा तुमचा फोन टोपलीत होता, आणि पावणेएकला बाबा गेले.

मला क्षमा करा असं लिहीत नाही. करवेल तेव्हा करा.

सोबत एक कार्ड आहे, ते मी पाठवलं नव्हतं. अकरा मार्चचं. त्या दिवशी चक्कर झालीच नाही, आणि चक्कर झाली नाही तर कार्ड भरायचं नाही असा नियम आहे. त्यांना उभंसुद्धा राहवत नव्हतं. तुमच्या दादांनी त्यांना धरून काट्यावर चढवलं आणि मग काचेजवळ उभ्या गाडीवर बसवलं. हेल्मेट त्यांनी मागून घेतलं. गाडी सुरू केली नाही. हँडलवर हात ठेवून, वाकून, डोळे मिटून पाच-सात मिनिटं बसले. एकदा किंचित डावीकडे कलले, मला वाटलं पडतात. पडत नव्हते, पुलाजवळचं वळण घेत होते. मग हेल्मेट काढून माझ्याकडे दिलं आणि जे बोलले ते मी नियमाप्रमाणे लिहिलं.

उंची पाच सहा. वजन एकोणपन्नास. हेल्मेट काढल्यावरचं पहिलं वाक्य: ‘त्या दिवशी पोरगं इथे होतं तर.’

आणि नियम मोडून दुसरंही वाक्य लिहिते. म्हणाले, ‘मग ठीक आहे.’

वहिनी

१४ एप्रिल

वहिनी,

तीन दिवस तुझ्यावर रागावलो होतो. फार रागावलो. तुला खूप वाईट पत्रं लिहिली आणि फाडली. तू सांगायला हवं होतंस. एका ओळीत सांगायला हवं होतंस.

चौथ्या दिवशी कार्डं काढली. वहिनी, सगळं लिहिलेलं होतं गं. उंची नऊही ठिकाणी पाच सहा. वार एकच, वेळ एकच. वजन दर आठवड्याला एक नाहीतर दोन किलो खाली. कोणत्याही शेंबड्या पोराला दिसलं असतं. मी त्याचा तक्ता काढला, भिंतीवर लावला आणि टाळ्या घेतल्या. माझा बाप माझ्या डोळ्यांसमोर विरत चालला होता आणि मी त्याला बाजार म्हणत होतो. तू तर ‘हे वाचूनच या’ असंही लिहिलंस. मी हसलो. तेव्हा तुझ्यावर रागवायला मला तोंड नाही. शब्द तू पाळलास, आणि वाचायला येत असून वाचलं नाही ते मी.

आईच्या त्या दिवशी मी ट्रॅकवर कशाशी झटत होतो ते कधी कोणी विचारलं नाही. वळण संपताना गाडी थरथरायची, माणसाशी भांडायची. त्या दिवशी दुपारी ती भांडायची थांबली. मी हेल्मेटमध्ये एकटाच ओरडलो होतो. त्याच वेळी आई गेली असणार. ही गोष्ट बाबांना सांगायची म्हणून पाठ करून ठेवली होती. त्यांनी ती न सांगता ओळखली. पुलाजवळ.

सोमवारी साहेबांकडे गेलो आणि सांगितलं, ती नऊ माणसं नाहीत, एक आहे, आणि तो माझा बाप होता. साहेबांनी कार्डं पुन्हा चाळली. मग म्हणाले, ‘चकरा नऊ झाल्या ना? कार्डं खरी आहेत ना?’ मी म्हटलं, कार्डं खरी आहेत, माणसं खरी नाहीत. मला गप्प राहता आलं असतं. पाचशे गाड्या निघाल्या असत्या आणि तुझ्यासारख्यांच्या काचांशी उभ्या राहिल्या असत्या. मेव्हणे भरणाऱ्यांना आम्ही चोर म्हटलं होतं, मी तर बाप भरला. मंजुरी रद्द झाली. गाडी बंद झाली. मला पडद्याच्या रंगावर बसवलंय. काल निळा ठरला.

तुझ्याकडची डेमोची गाडी महिनाअखेर विकायची किंवा परत पाठवायची, असा कागद तुला येईल. परत आली तर सुटे भाग काढून भंगारात जाईल. पहिल्यांदा वाटलं, मीच घ्यावी आणि खोलीत झाकून ठेवावी. मग बाबांचं वर्कशॉपमधलं बोलणं आठवलं, उभी गाडी सडते. म्हणून वीक. पण वजन करून, नियमाप्रमाणे. कोणी घेईल असं मला वाटत नाही. साहेबांचंच खरं असेल, हिला आता गिऱ्हाईक नाही.

ते कार्ड माझ्या खिशात आहे. तिथेच राहील.

तुझा दीर

२५ एप्रिल

भाऊजी,

गाडी विकली.

काल सकाळी एक परिचारिका आल्या. रुग्णालयातली पाळी संपवून, त्याच कपड्यांत. पस्तिशीच्या असतील. त्यांनी मागच्या वर्षी ती उंच गाडी घेतली होती. सिग्नलला तीनदा आडवी झाली, आणि तिसऱ्या वेळी उचलायला चार माणसं लागली. सगळे हसले, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मला गाडी चालवायची आहे, सांभाळायची नाही.’ मी म्हटलं, ही बंद झाली आहे, सुटे भाग पुढे मिळतील न मिळतील. म्हणाल्या, ‘आधी बसू तर द्या.’

काट्यावर उभ्या राहिल्या. काटा हलला आणि एकोणपन्नासावर थांबला. मला आत जावं लागलं. तुमचे दादा स्प्रिंग बदलायला पाना घेऊन आले होते. त्यांनी काट्याकडे बघितलं, पाना खिशात घातला आणि बाजूला झाले. बदलायचं काही नव्हतं. सेटिंग बाबांचंच होतं, त्या अकरा मार्चला बसवलेलं; त्यानंतर हिच्यावर कोणी बसलंच नव्हतं. दादांना माहीत होतं चक्कर होणार नाही, तरी त्यांनी त्या दिवशी स्प्रिंग सैल करून दिली होती.

बाई पुलाकडे गेल्या आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा बऱ्याच उशिरा आल्या. कंपनीला आता कार्ड नको आहे, तरी मी भरलं. त्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘हिचं काही बदलू नका.’ हँडलसुद्धा नाही. तुमच्या चकत्या तशाच राहिल्या आहेत.

तेव्हा साहेबांना जमलं तर सांगा, एक गिऱ्हाईक होतं. नऊ नव्हती, पाचशेही नव्हती, पण एक खरं होतं. माझी ती मेव्हणी नव्हे.

त्या बाई गुरुवारी संध्याकाळी गाडी न्यायला येणार आहेत. तोवर ती काचेशी उभी आहे. या घरात माणसं बोलवायला भितात आणि यायला निमित्त शोधतात, आणि त्यात आपण दोन माणसं घालवून बसलो. ती रीत मी आजपासून मोडते. निमित्त नाही, बैठक नाही, कोणी आजारी नाही. भाऊजी, मी बोलावते आहे. गुरुवारी दुपारी या. काट्यावर उभे राहा, हेल्मेट घाला आणि पुलापर्यंत जाऊन या. फोन माझ्याजवळ द्या, वाजला तर मी घेईन. तुमचे दादा म्हणतात, त्याचं वजन सत्तर तरी असेल, गाडी मागून दबेल. मी म्हटलं, दबू दे. स्प्रिंगला हात लावायचा नाही.

वहिनी